चार वस्ताद आणि एक पाठ

अप्पा वस्ताद कधी उताणे झोपत नसत. ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः चार उन्हाळे दुपारच्या वेळी तालमीच्या ओट्यावर त्यांच्या उशाशी बसून माशा वारल्या आहेत. ते डाव्या कुशीवर झोपायचे. उजव्या कुशीवर व्हायचं झालं, तर चक्क उठून बसायचे, डोकं इकडचं तिकडे करायचे आणि मग दुसऱ्या बाजूला कलंडायचे. आपण जसे झोपेत पाठीवरून लोळून कूस बदलतो, तसं त्यांनी केलेलं सोलापुरात कुणी पाहिलं नव्हतं. कुणी खुर्ची दिली तर तिच्या कडेवर बसायचे, भिंत असेल तर भिंतीपासून हातभर पुढे. आम्ही पोरं त्यांच्यामागे म्हणायचो की वस्तादांच्या पाठीला कुंकू लावून ती देवघरात ठेवली पाहिजे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणीही काढत नसे. ऐन जवानीत अक्कलकोटच्या मैदानात उत्तरेकडच्या एका पैलवानानं त्यांना चीत केलं होतं. अप्पा उठले, त्या पैलवानाच्या हाताला हात लावला, फेटा उचलला आणि मैदानातून जे बाहेर पडले ते थेट सोलापूरला. कुस्तीत नेसायची लांग तालमीतल्या खुंटीला टांगली. ती माझ्या वेळीही तिथंच होती, धूळ खाऊन मातीच्याच रंगाची झालेली. त्यानंतर त्यांनी दुसऱ्यांना घडवलं, पण स्वतःची पाठ कशालाही म्हणून टेकवली नाही. मूळचे ते अक्कलकोटकडच्या खेड्यातले. खूश असले की मराठी बोलत आणि चिडले की कानडी. त्यामुळे आम्हांला कानडी यायची ती सगळी शिव्यांपासून सुरुवात करून.

आमचं घर गिरणीच्या भोंग्याच्या अगदी तोंडाशी. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, मागांच्या आवाजानं अर्धे बहिरे. म्हणून आमच्या घरात प्रेमसुद्धा ओरडूनच करावं लागे. भिंतीपलीकडे नरसय्यामामांचे हातमाग. दिवसभर खटक-खट, खटक-खट चालू असायचं, आणि ते थांबलं की आई घड्याळाकडे न बघता म्हणायची, "नरसय्या जेवाय बसला." आई आठवड्याच्या कडक भाकऱ्या एकदम करून दुरडीत उभ्या रचून ठेवायची. पहाटे तालमीला निघताना मी एक मोडली की असा आवाज व्हायचा की घरातले सगळे जागे व्हायचे, वडील सोडून. वरती शेंगाची चटणी, कांदा आणि दूध. हे दूध लक्षात ठेवा. त्यावरून पुढे आमच्या घरात मोठं राजकारण झालं.

तर झालं असं की रेल्वेतले एक ड्रायव्हर, पार्कर नावाचे गोरेपान अँग्लो-इंडियन गृहस्थ, इंजिनवरून उतरताना घसरले आणि त्यांचा खांदा निखळला. औषधोपचार झाले, पण हात काही वर जाईना. शेवटी त्यांच्या फायरमननं त्यांना आमच्या तालमीत आणलं, कारण हाड बसवायचं तर वस्तादाकडे जायचं ही सोलापूरची रीत. अप्पांनी तेल लावलं, साहेबांना इंजिनाबद्दल काहीतरी विचारलं, आणि साहेब उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच कटकन आवाज झाला. पार्करसाहेबांनी हात वर केला, खाली केला, परत वर केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोबदला अप्पा घेत नसत. तेव्हा साहेब म्हणाले की ते तरुणपणी बॉक्सिंगमध्ये नाव कमावून होते, तालमीतल्या एका पोराला ते ही विद्या देतील आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या सामन्यात उतरवतील. त्यांनी आम्हां सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि ज्याचे हात सगळ्यांत लांब तो निवडला. तो मी. माझे हात असे होते की पंगतीत बसल्या जागेवरून तिसऱ्या पानावरची जिलेबी उचलता यावी.

पाहुण्यानं दिलेलं नाकारायचं कसं, म्हणून अप्पा गप्प बसले. साहेब गेल्यावर मला मातीच्या कडेला बोलावलं. त्या वेळी ते खूश नव्हते आणि चिडलेलेही नव्हते, म्हणून शब्द मराठी होते आणि आवाज कानडी.

"जा, शिक. पन एक ध्यानात ठेव, दत्त्या. माज्या मातीतल्या पोराची पाट दुसरीकडं कुटं लागली, तर ती पाट परत हितल्या मातीला लागायची न्हाई."

आता हे ऐकून शहाण्या पोरानं बॉक्सिंगला रामराम ठोकला असता. पण मला नुकत्याच मिशा फुटल्या होत्या, आणि त्या वयात पोरगं स्वतःची पाठ अमर समजतं. शिवाय तालमीचं दार मला बंद होईल ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरत नव्हती. हळद, ताक, तेल आणि लिंबू घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीचा वास माझ्या कानांत, नाकात, उशीच्या अभ्र्यात भरलेला होता. गिरणीत मी बॉबिन वाहणारा एक पोऱ्या होतो, घरात ओरडून बोलणाऱ्यांपैकी एक होतो. दत्तू पैलवान होतो तो फक्त त्या चार भिंतींत. आणि त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत माझी पहिली कुस्ती लागायची होती.

पार्करसाहेबांची तालीम त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सुरू झाली. त्यांनी खडूनं एक रेघ मारली. डावा पाय रेघेवर, उजवा मागे, पाठ ताठ, हनुवटी अशी की जणू आत्ताच कुणीतरी आपला अपमान केला आहे आणि आपण तो ऐकलाच नाही. मग तारेवर एक रुमाल टांगला आणि मला सांगितलं, "टुम खाली लेफ्ट मारो. राइट घर में रखो. राइट संडे के लिए है." डावा हात सरळ, रुमाल फक्त हलला पाहिजे. मारा आणि मागे सरका, मारा आणि मागे सरका. मी विचारलं की पुढं कधी जायचं. साहेब म्हणाले, जेंटलमन पुढे जात नाही, त्याच्याकडे लोक येतात. पहाटे होटगीच्या दिशेनं सिग्नलपर्यंत पळायचं, अंगात लोकरीचा स्वेटर घालून, तोही सोलापुरात. मग दोरीवरच्या उड्या, ज्या पाहून नळावरच्या बायकांनी मला परकर शिवून द्यायची तयारी दाखवली. आणि दूध बंद. साहेबांच्या मते दुधानं दम कमी होतो. उकडलेलं मटण, टोस्ट आणि कोरा चहा.

आईनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. आईची पहिल्यापासून अशी समजूत होती की हे पारकर कोकणातले आहेत, उन्हात न फिरल्यामुळे गोरे राहिलेत. तिनं हात थांबवला. "मीट न्हाई, मसाला न्हाई, दूद न्हाई. त्या पारकराच्या घरात कुनी बाईमानूस हाय का न्हाई?" साहेबांची बायको वारली आहे असं मी सांगितलं. आई म्हणाली, "तरीच." आणि त्या दिवसापासून तिनं मटण उकडलं खरं, पण त्यात मीठ, मसाला आणि वर तिखट तेलाचा तवंग घालून, आणि "हे उकडल्यालंच हाय की" असं शपथेवर सांगून. साहेबांना मी काही बोललो नाही. इंग्रजी विद्या माझ्या अंगात शिरली ती अशी काळ्या मसाल्यातून.

एक दिवस मी हुसेनभाईंच्या चहाच्या दुकानासमोर हीच ऐट करून उभा होतो. हुसेनभाई विजापूर वेशीतले, पण त्यांनी अर्धं आयुष्य जहाजाच्या बॉयलरपुढे कोळसा टाकण्यात घालवलं होतं. न्यूयॉर्क बंदरातल्या गोद्यांमध्ये लागणाऱ्या लढती त्यांनी पाहिल्या होत्या आणि पाहता पाहता दोन-चारदा आतही ओढले गेले होते. याची साक्ष त्यांचं नाक देत होतं, जे चेहऱ्यावर बसलं नव्हतं तर पसरलं होतं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"क्या रे दत्तू, फोटू खिंचवाने खडा है क्या?"

मी अभिमानानं सांगितलं की ही इंग्लिश पद्धत आहे. ते हसले. "अंग्रेज लडता नहीं, दरवाजे पे खडा रहके बोलता, साब घर में नहीं. अमरिका का अलग हिसाब है." आणि त्यांनी माझी मान धरून हनुवटी छातीत खुपसली, पाठीला बाक आणला आणि मला समोरच्याच्या हाताखालून आत शिरायला लावलं. आत शिरायचं, चिकटायचं आणि पोटावर दोन्ही हातांनी कुटायचं. "मुंडी पे कायकू मारता? मुंडी छोटी रहती. पेट बडा रहता." खडूची रेघ नाही, रुमाल नाही. दुकानामागे वाळू आणि गिरणीतला चोथा भरलेलं एक पोतं टांगलं होतं, आणि पोतं फाटलं की स्वतः हुसेनभाई पोत्याच्या जागी उभे राहात. त्यांचं म्हणणं, अमेरिकेत शिकणं म्हणजे मार खाणं, बाकी सगळं पुस्तकात. शिवाय खुराक म्हणून सकाळी चार अंडी आणि तुपातला शिरा, ज्यावर आई एकदम खूश झाली आणि अमेरिका हा देश तिच्या मनातून कधीच उतरला नाही.

भिंतीपलीकडे हे सगळं ऐकू जात होतंच. नरसय्यामामा रंगूनच्या भातगिरणीत बारा वर्षं काढून आले होते. एका संध्याकाळी त्यांनी माग थांबवला, आई सवयीनं "जेवाय बसला" म्हणाली, आणि मामा आमच्या दारात उभे. पार्करसाहेबांनी दिलेल्या माझ्या हातातल्या ग्लोव्हजकडे त्यांनी निरखून पाहिलं. "ओरेय दत्तू, हाताला गादी बांधून कसली मारामारी? ही तर झोपायची तयारी." मग त्यांनी ब्रह्मदेशातल्या लढतींचं वर्णन सुरू केलं. तिथं गादी नाही. हात आहे, कोपर आहे, गुडघा आहे, लाथ आहे, डोकंसुद्धा आहे. आणि बाजूला ढोल-सनईवाले बसलेले असतात. लढणारे आधी नाचतात, मग मारतात, आणि वाद्यांचा वेग वाढला की मारही वाढतो. रक्त दिसलं की संपलं, तोंड धुवायचं आणि घरी जायचं. लाथ मारायला पार्करसाहेबांची बंदी आहे हे मी सांगितलं, तर मामा म्हणाले, "मारू नको. नुसती उचल. समोरच्याला आठवण राहते." सनई आमच्याकडे नव्हती. म्हणून मामा मागावर बसले आणि खटक-खटच्या ठेक्यावर मला अंगणात नाचवू लागले. धोटा डावीकडे गेला की डावा पाय, उजवीकडे गेला की उजवा. अर्धं लुगडं विणून होईपर्यंत मी घामानं निथळत असे.

या तिघांची गाठ पडली ती एका रविवारी, हुसेनभाईंच्या दुकानात. तिघं तीन भाषांत भांडले आणि तिघांनीही उदाहरण म्हणून मलाच वापरलं. पार्करसाहेब माझी हनुवटी वर उचलत होते, हुसेनभाई तीच डोक्यावर हात ठेवून खाली दाबत होते आणि मामांनी माझा डावा गुडघा धरून ठेवला होता. नेमके त्याच वेळी अप्पा वस्ताद रस्त्यानं चालले होते. थांबले. आपल्या मातीतल्या पोराची ती अवस्था त्यांनी नीट डोळे भरून पाहिली. "येन इदू?" एवढंच कानडीत विचारलं, हे काय म्हणून, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले. मी एका पायावर उभा होतो, त्यामुळे नमस्कारही करता आला नाही.

आता पन्नाशी उलटल्यावर, चष्मा लावून, पंख्याखाली बसून विचार करतो तेव्हा मला त्या तिघांचंही बरोबर होतं असं वाटतं. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही मारामारीचंसुद्धा तत्त्वज्ञान करता. करतो. इंग्रज लढतो तो आपल्या घराच्या दारात उभा राहून, नको असलेला पाहुणा आत येऊ नये म्हणून. अमेरिकन लढतो तो दुसऱ्याच्या घरात घुसून, आता इथं मी राहणार म्हणून. ब्रह्मी माणूस वरातीत चालल्यासारखा लढतो. आणि आपण कुस्तीत पहिल्याप्रथम समोरच्याला मिठी मारतो, मग त्याचं काय करायचं ते ठरवतो. पण हे सगळे फरक दिसणारे. खरा फरक न दिसणारा होता, आणि तो मला तिघांपैकी कुणी सांगितला नाही. कारण हरणं म्हणजे काय हे प्रत्येकाला लहानपणापासून अंगात माहीत असतं. ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

सामना रविवारी दुपार कलल्यावर होता. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड आणि भोवती दोर. हॅट घातलेल्या मडमा लेमोनेड पीत होत्या. पहिल्या रांगेत माझे तीन गुरू, एकमेकांशी न बोलता. आणि दाराजवळ, खुर्चीच्या अगदी कडेवर, फेटा बांधून अप्पा वस्ताद. ते येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांना पाहिलं आणि माझी पाठ एकदम जड झाली.

समोर दौंडचा फायरमन डिकी, तांबूस केसांचा, वयानं माझ्याएवढाच. मी आत शिरताना वाकून चौथऱ्याला हात लावला आणि कपाळाला लावला. मग सवयीनं माती शोधली. मैदानात उतरलं की चिमूटभर माती समोरच्याच्या अंगावर टाकायची हा आमचा शिष्टाचार. माती नव्हती, पण कोपऱ्यात तळवे घसरू नयेत म्हणून पांढरी भुकटी ठेवली होती. ती मी दोन ग्लोव्हजमध्ये धरून आदरानं डिकीच्या छातीवर उधळली. डिकी शिंकू लागला. मग मी शड्डू ठोकला. ग्लोव्हमुळे आवाज असा आला की कुणीतरी लोड झटकतंय. मडमा हसल्या. अप्पा हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्या हॉलमध्ये आत्तापर्यंत एवढंच रीतसर घडलं होतं.

पहिली फेरी मी पार्करसाहेबांना वाहिली. दारात उभा राहिलो आणि साहेब घरी नाहीत असं डिकीला डाव्या हातानं पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या फेरीत तो चिडून अंगावर आला, तेव्हा मी हुसेनभाईंची आठवण करून खाली वाकलो, आत घुसलो आणि त्याच्या पोटावर असं कुटलं की तो दोरावर जाऊन टेकला. हुसेनभाई उभे राहून ओरडले, "पेट बडा रहता!" आणि बाजूच्या मडमेनं आपली खुर्ची सरकवली. तिसऱ्या फेरीला लोक माझ्या नावानं ओरडत होते. तिथं माझी बुद्धी फिरली. दोन गुरूंना मान दिला, तिसऱ्याला कसा विसरू, असं मनात आलं. कानात खटक-खट सुरू झालं. मी नाचलो आणि डिकीला आठवण राहावी म्हणून डावा पाय नुसता उचलला.

एका पायावर उभ्या माणसाला पाडायला फार मोठी विद्या लागत नाही. डिकीचा हात हनुवटीवर आला आणि मी सपाट उताणा पडलो. लागलं फारसं नव्हतं. आमच्यात चीत होणाऱ्याला आसमान दिसतं म्हणतात; मला छताचा पंखा दिसला, सावकाश फिरणारा. दोन्ही खांदे कापडाला टेकले होते. गोऱ्या पंचांनी माझ्यावर वाकून बोटं नाचवायला सुरुवात केली, पण मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाठ लागली होती. संपलं होतं.

मी उठलो. डिकी कोपऱ्यात उभा होता, त्याच्याकडे जाऊन त्याच्या हाताला हात लावला. तो बावरून मागे सरकला. दाराकडे तोंड करून अप्पांना नमस्कार केला, दोराखालून वाकलो आणि चालू लागलो. मागे सगळा हॉल ओरडत होता. पार्करसाहेब, ज्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता, ते "टुम किधर जाता?" म्हणून किंचाळत होते. मला वाटलं, हरलेल्याला ही माणसं शांतपणे घरीसुद्धा जाऊ देत नाहीत. दाराशी पोचलो तेव्हा अप्पांची खुर्ची रिकामी होती.

हॉलपासून घरापर्यंत मी ग्लोव्हज घालून चालत आलो. त्यांच्या नाड्या पार्करसाहेबांनी आवळल्या होत्या, आणि रेल्वेच्या माणसानं मारलेली गाठ दातांनी सुटत नाही. कडी काढता येईना म्हणून दारावर डोकं आपटलं. आईनं मला पाहिलं, पाटावर बसवलं आणि गाठ सोडायला लागली. ती सुटेना, म्हणून तिनं भाकरी मोडली, चटणी लावली आणि त्या दोन लालभडक गाद्या मांडीवर घेऊन बसलेल्या आपल्या मिशीवाल्या मुलाला घास भरवला. तोवर मी रडलो नव्हतो.

दिवेलागणीच्या आधी तिघं गुरू एकदमच दारात आले. आज पहिल्यांदा त्यांचं एकमत दिसत होतं. पार्करसाहेबांनी पाटासमोर जमिनीवर बसकण मारली आणि माझ्या नाड्या सोडता सोडता, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की बॉक्सिंगमध्ये पाठ टेकली म्हणजे हार नव्हे. पडलेल्यावर पंच दहापर्यंत मोजतो. दहाच्या आत उठलं की लढत पुन्हा सुरू. मी तिसऱ्या आकड्याला उठून उभा होतो. माझे गुण जास्त होते. फक्त उभं राहायचं होतं.

मी हुसेनभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "मैं समझा, साब बोले होंगे." साहेब म्हणाले की त्यांना वाटलं होतं, हे जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. मामा म्हणाले, रक्त तर आलं नव्हतं, मग हरला कसा, हेच त्यांना अजून कळलेलं नाही. आई चहा ठेवायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "तीन तीन मास्तर. आन आकडे शिकवायचंच राहिलं."

सामन्याचं मला काही वाटत नव्हतं. मला खुंटीवरची ती लांग दिसत होती. तिच्या शेजारी एक खुंटी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं पाय तालमीकडे गेले. उंबऱ्याशी थांबलो. आत अजून कुणी आलं नव्हतं. अप्पा एकटेच फावड्यानं माती उकरत होते. त्यांनी मला पाहिलं आणि काम चालू ठेवलं. सबंध आखाडा उकरून झाल्यावर फावडं भिंतीला टेकवलं.

"तुजा सायेब आला हुता काल. धा मोजत्यात म्हनं."

"व्हय, अप्पा."

"कोन मोजतं?"

"पंच."

"आन पडल्याला मानूस?"

"पडून ऱ्हातो. जमलं तर उटतो."

"उटला तर?"

"तर परत सुरू."

"मागचं धरत न्हाईत?"

"न्हाईत."

बाहेर पहिला भोंगा झाला. मग ते माझ्याकडे न बघता बोलले, आणि इतकी वर्षं जे कुणी त्यांच्यासमोर काढलं नव्हतं ते त्यांनीच काढलं.

"अक्कलकोटात मला कायबी लागलं नव्हतं. निम्मी ताकद अंगात तशीच हुती. उटलो आन निगून आलो. तुज्यागत."

त्यांनी फेटा काढून कट्ट्यावर ठेवला. सदरा काढला, त्याची नीट घडी केली. आखाड्याच्या मधोमध जाऊन आधी गुडघ्यावर बसले, मग एका हातावर रेलले आणि मग हळूच मागे झाले. तांबड्या मातीवर अप्पा वस्ताद उताणे पडले होते. पांढऱ्या केसांच्या छातीवर हात, डोळे वरच्या कौलांकडे.

"मोज," म्हणाले.

मी उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली. एक. दोन.

"आत येऊन मोज की. तितनं ऐकू येत न्हाई."

मी उंबरा ओलांडला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि त्यांच्याजवळ जाऊन वाकलो. परत एकपासून सुरुवात केली. पाचपर्यंत ते हलले नाहीत. सहाला त्यांनी डोळे मिटले. सातला कोपर टेकलं. म्हातारं अंग, आणि मी मुद्दाम सावकाश मोजत होतो, आणि त्यांना ते कळत होतं. आठला ते आपल्या पायांवर उभे होते.

"आट," ते म्हणाले. "दोन ऱ्हायलं की अजून."

त्यांच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, तांबडी माती चिकटली होती. ती झटकायला मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले, आणि खुंटीवरची लांग काढायला गेले.